खूनी मुर्गा आणि शांतता क्षेत्र

मेटल संगीतात हसायला बंदी आहे. तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कुठल्याही मेटल बँडचा फोटो पाहा. काळ्या कपड्यांतली चार-पाच माणसं हाताची घडी घालून उभी असतात. मागे जंगल, पडका कारखाना किंवा नुसताच धूर. चेहऱ्यावर भाव असा, की फोटोग्राफरने नुकताच त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर दावा ठोकला आहे. गाण्यांचे विषय म्हणाल तर मृत्यू, युद्ध, सैतान, अणुस्फोट आणि अधूनमधून, जरा हलकंफुलकं हवं म्हणून, वेड्यांचं इस्पितळ. बँडचं नाव लिहिताना अक्षरांना काटे आणि मुळ्या फुटतात. ते नाव एखाद्याला पहिल्या फटक्यात वाचता आलं, तर चित्रकाराचे पैसे कापत असावेत.

या गांभीर्याला मुळात कारण होतं. १९६५ साली बर्मिंगहॅममधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. नोकरीचा तो त्याचा शेवटचा दिवस होता. यापुढे तो गिटारवर पोट भरणार होता. पोराने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्याही सैल करून स्वर खाली उतरवला, आणि त्यातून जो जड, काळवंडलेला आवाज निघाला त्यावर 'ब्लॅक सॅबथ' हा बँड उभा राहिला. पहिला अल्बम त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित केला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, नेमक्या शुक्रवारी, तो बाजारात आला. इतकं खरं दुखणं सोसून जन्मलेल्या संगीताने तोंड वाकडं करून बसावं, यात गैर काही नाही. गैर झालं ते पुढे. नंतरच्या पिढ्यांनी दहाही बोटं शाबूत ठेवून वाकडं तोंड तेवढं उचललं.

उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्यातला 'मॅनोवॉर' हा बँड. ही मंडळी केसाळ कातड्याचे लंगोट नेसून फोटो काढायची. १९८३ मध्ये त्यांनी एका रेकॉर्ड कंपनीच्या करारावर स्वतःच्या रक्ताने सह्या केल्या. आपल्याकडे कराराला स्टॅम्प पेपर आणि दोन साक्षीदार पुरतात. रक्ताचा विषय निघतो तो नंतर, वसुलीच्या वेळी. १९९४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात त्यांचा आवाज १२९.५ डेसिबल भरला म्हणतात. जगातला सर्वांत कर्कश बँड कोणता, याची नोंद गिनेसवाल्यांनी मात्र बंदच करून टाकली, लोकांच्या कानांच्या काळजीपोटी. बिअर किती ढोसली असल्या नोंदी एके काळी करणारी संस्थाही जिथे थांबते, तिथे हे लोक उभे होते, आणि लंगोट नेसून.

खुद्द ब्लॅक सॅबथही यातून सुटला नाही. १९८३ च्या दौऱ्यासाठी त्यांनी रंगमंचावर स्टोनहेंजचे प्रचंड दगड उभे करायचं ठरवलं. मापं लिहिताना कुठेतरी फुटांचे मीटर झाले. दगड आले ते एवढे मोठे, की बहुतेक नाट्यगृहांत शिरेनात. पुढच्याच वर्षी 'धिस इज स्पायनल टॅप' हा एका काल्पनिक, दिव्य बँडची टिंगल करणारा चित्रपट आला. त्यातही स्टोनहेंज आहे, आणि तिथे फुटांचे इंच होतात. नाचणाऱ्या बुटक्याच्या पायाखाली येईल एवढं स्टोनहेंज वरून खाली उतरतं. गंमत म्हणजे चित्रपटवाल्यांनी हा प्रसंग सॅबथच्या दौऱ्याच्या आधीच रचला होता. दोघांनी एकमेकांचं काही चोरलं नाही. टिंगल आणि अस्सल माल आपापल्या वाटेने निघाले आणि एकाच दगडावर आपटले. म्हणून माझं मत असं, की मेटलमध्ये विनोद बाहेरून आणावा लागत नाही. तो आत असतोच. बाकी सगळा खटाटोप तो झाकण्याचा.

आता हे सगळं उचला आणि मुंबईत आणा. नॉर्वेतल्या बँडला जंगल आहे, बर्फ आहे, हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य उगवतच नाही. अंधाराचा पुरवठा सरकारी आहे. मुंबईत मे महिन्यात चामड्याचं जॅकेट घालून उभ्या राहिलेल्या सैतानभक्ताला पाचव्या मिनिटाला लिंबूपाणी लागतं. गिटार घेऊन विरारची गाडी पकडलेल्या नरकाच्या दूताला सेकंड क्लासमध्ये सांगितलं जातं, "ओ भाऊ, ते वर ठेवा ना, इकडे माणसांना जागा नाही." दूत निमूटपणे वर ठेवतो. त्याच्या टी-शर्टवरच्या कवटीकडे समोरच्या बाकावरचे काका बोरिवलीपर्यंत बघत बसतात, आणि उतरताना विचारतात, "काय, डॉक्टरकीला आहेस का?"

आवाजाचंही तसंच. डेथ मेटलचा गुरगुरणारा गळा ऐकून घाबरलेला मुंबईकर मला अजून भेटायचा आहे. संध्याकाळी सहा वाजता दादरहून निघालेल्या बेस्टमधला कंडक्टर ज्या आवाजात 'पुढे सरका' म्हणतो, त्यापुढे स्वीडनचा कुठलाही गायक बालगंधर्वच. फरक एवढाच, की कंडक्टरचं ऐकून लोक खरंच सरकतात.

आणि मग कायदा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्रीय नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल देतात. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचं १०० मीटरचं वर्तुळ म्हणजे शांतता क्षेत्र. तिथे आणखी पाच कमी. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणजे हॅनोव्हरचा तो पराक्रम आपल्या सोसायटीच्या दिवसाच्या मर्यादेच्या अडीच कोटी पटींहून जास्त भरतो. हे गणित सेक्रेटरींना समजावून सांगायच्या भानगडीत पडू नये. याच शांतता क्षेत्राने धोबी तलावच्या रंगभवनचा घास घेतला. उघड्यावरचं थिएटर, शेजारी झेवियर्स कॉलेज, आसपास इस्पितळं. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथे वर्षानुवर्षं गाजला; मुंबईतल्या रॉकवाल्यांची ती पंढरी. २००० नंतर लवकरच तिथली वाद्यं गप्प झाली. रुग्णांना झोप मिळायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याच रुग्णांच्या खिडकीखालून अनंत चतुर्दशीला जी मिरवणूक जाते, तिचं अंतर बहुधा मीटरऐवजी फुटांत मोजत असावेत.

अशा शहरात घरातल्या घरात मेटल करायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. पोरगा खोलीचं दार लावून, खिडकीला गादी टेकवून, माईकपुढे जगाचा अंत गातोय. बेल वाजते.

"काय रे, कोण रडतंय तुमच्याकडे?"

"कोणी नाही काका, रेकॉर्डिंग चाललंय."

"कसलं?"

"मेटलचं."

"मग दुपारचं नको करू. सकाळी बाई भांडी घासायला येते ना, तेव्हा उरकून घे. दोन्ही आवाज एकदम होऊन जातील."

स्वयंपाकघरातून आईचं वेगळंच. "घसा बसेल रे, गरम पाण्याच्या गुळण्या कर आधी." जगाचा अंत थांबतो. गुळण्या होतात. आता या पोराने पुन्हा दार लावून, चेहऱ्यावर खिन्न भाव आणून, आपण रसातळातून आलो आहोत असं किती दिवस भासवायचं?

मुंबईतल्या एका बँडने ते भासवणं सोडून दिलं. त्याचं नाव 'वर्कशॉप'. त्यांचा पहिला अल्बम २००९ मध्ये आला आणि त्याचं नाव होतं, 'खूनी मुर्गा'.

गायक साहिल मखीजा. हा गृहस्थ मस्करी म्हणून मेटलमध्ये आला असता, तर गोष्ट एवढी मजेशीर झाली नसती. 'डिमॉनिक रिझरेक्शन' हा मुंबईतल्या, किंबहुना देशातल्या गाजलेल्या मेटल बँडांपैकी एक, २००० साली त्यानेच उभा केला. तिथे त्याचं नाव 'डिमनस्टीलर'. गाणी अंधाराची, दैत्यांची, पुनरुत्थानाची. याच बँडने पुढे २०१७ मध्ये दशावतारांवर आख्खा अल्बम केला, मत्स्य-कूर्मापासून सगळे, आणि अगदी गंभीरपणे. म्हणजे हा माणूस या पंथाचा दीक्षित पुजारी. पूजा नीट येते, मंत्र पाठ आहेत, सोवळंही पाळतो. आणि तोच दुसऱ्या दारातून बाहेर येऊन कोंबड्यावर अल्बम काढतो.

मेटलच्या प्राणिसंग्रहालयात लांडगा चालतो, बोकड चालतो, कावळा, साप, ड्रॅगन सगळे चालतात. कोंबडा चालत नाही. कारण उघड आहे. हा सगळा पंथ रात्रीचा, आणि कोंबडा हा रात्र संपल्याची बातमी आणणारा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं आपल्याकडे म्हणतात. मेटलवाल्यांनी चाळीसेक वर्षं कोंबडं नेटाने झाकून पाहिलं, वर्कशॉपने टोपलीच उचलली. आणि कोंबडाही कसा, तर खूनी. ज्या शहरात दर रविवारी सकाळी कोंबड्यांचा रीतसर खून होतो, बायका-पोरं 'लेगपीस मला' म्हणून आगाऊ नंबर लावतात, तिथे एखाद्या कोंबड्याने सुरी हातात घ्यावी, यात मला थोडा न्यायही दिसतो. नावाला वास मात्र सगळा भयपटवाल्या रामसे बंधूंचा. 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा' यांच्या रांगेत 'खूनी मुर्गा'चं पोस्टर चिकटवलं, तर दुपारच्या खेळाला एकही माणूस शंका घेणार नाही. फार तर मध्यंतरानंतर मुर्गा पुन्हा जिवंत होतो का, एवढंच विचारेल.

अल्बम निघाला तो डिमनस्टीलर रेकॉर्ड्सवर, म्हणजे गायकाच्या स्वतःच्या लेबलवर. घरचं कार्य. मेटलमध्ये ही जुनी रीत आहे. इंग्लंडच्या 'डायमंड हेड'ला १९८० मध्ये कंपन्या विचारेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच तबकड्या छापल्या. मुखपृष्ठ कोरं, पांढरं. त्यावर नावसुद्धा नाही. छपाईला पैसे नव्हते म्हणून बँडवाल्यांनी प्रतींवर सह्या केल्या. शाईने; रक्ताची चैन परवडणारी नव्हती. आपल्याकडेही विनोदाचं कार्य पुष्कळदा यजमानालाच करावं लागलं आहे. दादा कोंडक्यांनी १९७१ साली 'सोंगाड्या' स्वतः निर्माता होऊन काढला आणि त्याला दादरमध्ये थिएटर मिळवताना केवढं रामायण झालं, हे महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. शोकांतिकेला निर्माता मिळतो, कारण ती पडली तरी कलात्मक म्हणून पडते. विनोद पडला की नुसताच पडतो.

स्वतः अल्बम करणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांची समजूत अशी असते की मित्र जमले, गिटारी काढल्या, धमाल केली आणि सीडी निघाली. प्रत्यक्षात मेटलचं ध्वनिमुद्रण इतकं कारकुनी काम दुसरं नसेल. सगळी वाद्यं कानातल्या टकटक ठोक्याला बांधलेली असतात. गिटारची एकच ओळ निदान दोनदा वाजवायची. एक फेरी डाव्या कानाला, एक उजव्या. पहिलीचीच नक्कल उचलून दुसरीकडे चिकटवली तर चालत नाही. दोन्ही आवाज मधोमध येऊन बसतात आणि भिंत उभी राहत नाही. दोन्ही वेळा अचूक वाजवायचं, पण अचूकपणात केसाएवढा फरक पडला पाहिजे. ड्रमचा संच फ्लॅटमध्ये मांडला तर खालच्या मजल्यावरची माणसं पोलिसांच्या आधी स्वतः येतात, शिवाय प्रत्येक ढोलाला वेगळा माईक. म्हणून घरगुती मेटलात अनेक जण ड्रम संगणकावरच रचतात. संगणकाला घाम येत नाही, तो 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणून तासभर गायब होत नाही आणि वाजवून झाल्यावर वडापावचे पैसे मागत नाही.

गळ्याचीही साधना आहे. घसा ताणून ओरडलं की दोन गाण्यांत आवाज बसतो. ते गुरगुरणं पोटातून श्वास काढून, खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या खोट्या स्वरतंतूंच्या घड्या असतात, त्या थरथरवून करतात. ते जमायला वर्षं लागतात. आणि इथे विनोदी मेटलवाल्यापुढे असा पेच उभा राहतो, जो गंभीर मेटलवाल्याला जन्मात पडत नाही. या गायकीचं सगळं वैभव शब्द न कळण्यात आहे. 'रक्ताळलेल्या सिंहासनावर' की 'रात्रीच्या शिळ्या भातावर', श्रोत्याला दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि गंभीर बँडचं त्यावाचून काही अडत नाही. भीती वाटल्याशी कारण. विनोद मात्र ऐकू यायला लागतो. शेवटचा शब्द गुरगुरण्यात गेला की विनोदही गेला. मग पर्याय दोनच. एकतर श्रोत्याने सीडीतली पुस्तिका उघडून, चष्मा लावून, गाण्याबरोबर बोट फिरवत वाचायचं आणि ठरल्या जागी हसायचं. नाहीतर गायकाने नरकातला आवाज काढायचा, पण उच्चार विलेपार्ल्यातल्या एकांकिका स्पर्धेसारखे ठेवायचे. दुसरा मार्ग कठीण आहे. साधं किंचाळणं केव्हाही सोपं.

त्याहून वाईट म्हणजे मिक्सिंग. विनोद एकदा ऐकला की हसू येतं, दुसऱ्यांदा बायकोला ऐकवताना येतं. अल्बम स्वतः करणारा माणूस तोच विनोद गिटारचा आवाज वाढवून ऐकतो, कमी करून ऐकतो, हेडफोनवर, गाडीत, मित्राच्या फुटक्या स्पीकरवर ऐकतो. आठवड्याभरात विनोद मरतो. त्याच्या मढ्यावर बसून या माणसाला ठरवायचं असतं, की लोक इथे हसतील का. कंपनीचा निर्माता असता तर ताज्या कानाने म्हणाला असता, "हे काढा, हे ठेवा." घरच्या कार्याला असा पाहुणा नसतो. 'नको' म्हणणारं कोणी नसणं, ही स्वयंनिर्मित अल्बमची मोठी चैन, आणि विनोदी अल्बमांत ती बऱ्याचदा नडते. मित्रांत पिकलेला हशा तसाच्या तसा तबकडीवर उतरतो आणि तिऱ्हाईत माणूस, लग्नाच्या कॅसेटमध्ये अनोळखी वऱ्हाड बघावं तशा चेहऱ्याने, ऐकत बसतो.

यातून विनोदी बँड तरतो तो एकाच गोष्टीवर, वाजवण्यावर. विनोद मेल्यावरही ज्या गाण्यावर मान डोलते, ते उरतं. आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'त केशवकुमार होऊन समकालीन कवींची जी रेवडी उडवली, ती आजही वाचावीशी वाटते, ती का? ज्यांची टिंगल केली त्यांतले काही कवी आता अभ्यासक्रमापुरते उरले, त्यांच्या लकबी कोणाला आठवत नाहीत. पण अत्र्यांची वृत्तं पक्की, यमकं ठणठणीत. मूळ कवीपेक्षा टिंगल करणाऱ्याला वृत्त अधिक चांगलं यावं लागतं, कारण मूळ कवी चुकला तर तो प्रयोग ठरतो. मेटलचंही हेच. गंभीर बँडचा ताल चुकला, तर रसिक म्हणतात, काहीतरी अघोरी घडतंय. विनोदी बँडचा चुकला, तर म्हणतात, यांना वाजवता येत नाही म्हणून विनोद करतात. डिमनस्टीलरसारख्या माणसाने खूनी मुर्गा सोडला म्हणूनच त्याला दरारा आहे. ज्याला खरा सैतान येतो, त्याने काढलेला कोंबडा.

२००९ मध्ये या तबकडीचं दुकानात काय करायचं, हाही प्रश्न असणार. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस तेव्हा होतं. १९४८ पासून मुंबईच्या कानांची सोय पाहणारं ते दुकान २०१६ मध्ये मिटलं. कल्पना करा, काउंटरवरच्या माणसाच्या हातात 'खूनी मुर्गा' आला आहे. रॉकच्या फळीवर ठेवावा, तर तिथली काळी मंडळी शेजारी कोंबडा बघून अस्वस्थ होणार. विनोदाच्या फळीवर पु. लं.च्या कथाकथनाशेजारी ठेवावा, तर एखादे जोशीकाका 'नवीन दिसतंय' म्हणून घरी नेणार आणि जेवणानंतर काकूंसह ऐकायला बसणार. त्या संध्याकाळचा विचार केला तरी मला काकांबद्दल सहानुभूती वाटते. बडीशेप खाता खाता अचानक ते सुरू झालं तर माणसाने काय करायचं?

वर्कशॉप या वाटेवर एकटा नव्हता. मुंबईच्याच 'स्क्राइब' बँडच्या २०१० च्या अल्बमचं नाव 'मार्क ऑफ तेजा', म्हणजे 'अंदाज अपना अपना' या चित्रपटातल्या तेजाची खूण. त्यातल्या एका गाण्याचं नाव 'आय लव्ह यू पाव भाजी'. मला हे प्रामाणिक वाटतं. ओस्लोच्या पोराला ओडिन देवाची आठवण येते, आपल्या पोराला पावभाजीची. दोघंही आपापल्या पूर्वजांना स्मरून ओरडतात. दिल्लीचा 'ब्लडीवुड' तर सुरूच झाला लोकप्रिय गाण्यांची मेटलमधून टिंगल करत. पुढे ढोल आला, पंजाबी आली, आणि २०२२ मध्ये स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या 'रक्षक' या अल्बमपर्यंत येता येता मंडळी चांगलीच गंभीर झाली. गाणी राजकारणावर, अत्याचारावर. परदेशातल्या महोत्सवांत पब्लिक हिंदी-पंजाबीत ओरडायला लागलं. चांगलंच झालं, अभिमान वगैरे वाटतो. पण थट्टेखोर भाचा एकदम आयएएस व्हावा, तसं काहीसं वाटून मी त्यांची जुनी गाणी शोधतो.

वर्कशॉपने असा मान मिळवायची घाई केली नाही. त्यांच्या पुढच्या अल्बमचं नाव 'मेड लव्ह टू द ड्रॅगन'. म्हणजे मेटलच्या प्राणिसंग्रहालयात अखेर मान्यताप्राप्त जनावराकडे ते वळले खरे, पण ज्या कामासाठी वळले, त्याने पंथाच्या ज्येष्ठांना काही दिलासा मिळाला नसावा. ड्रॅगनच्या बाजूने विचार केला तर निदान कोणीतरी प्रेमाने बोललं. एरवी मेटलमध्ये त्याच्या वाट्याला भाला येतो.

मुर्ग्याचं पुढे काय झालं, हे मात्र सांगायला हवं. साहिल मखीजाने 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू केला. आधी मेटलच्या वादकांना गाठायचं, मुलाखत घ्यायची आणि त्यांच्यासाठी काहीतरी रांधायचं, असा थाट होता. नंतर त्याने कीटो आहाराचा रस्ता धरला आणि जगभरची माणसं त्याच्याकडे वजन उतरवायच्या पाककृती शिकायला येऊ लागली. त्यांतल्या अनेकांना हा माणूस रात्री दैत्याच्या आवाजात गातो, याचा पत्ताही नसेल. काळा टी-शर्ट तोच, दाढी तीच, आवाज एकदम मवाळ. समोर बाउल, बाजूला लोणी आणि मलई, आणि बाउलमध्ये मसाला चोळलेलं चिकन. बटर चिकन होतंय, साखरेशिवाय. अल्बमभर दहशत घातलेल्या त्या पठ्ठ्याचे तुकडे कढईत पडतात, झाकण बसतं, आणि डिमनस्टीलर कॅमेऱ्याकडे बघून एका वाटीत कर्बोदकं किती ग्रॅम भरतात, ते सांगू लागतो.